क्लच कव्हरचा आठवा बोल्ट

बोल्ट तुटला तेव्हा सूनबाईने आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग बोल्टकडे. बोल्ट तुटायचा आवाज काही फार मोठा नसतो, कुणी दाताने नख तोडावं एवढाच. पण गॅरेजमध्ये मुरलेल्या कानाला तो भर रस्त्याच्या गोंगाटातही ऐकू जातो. ज्यांच्या कानाला तो नक्की ऐकू गेला असता ते मिस्त्री त्या क्षणी दारात उभे राहून एका स्कूटरचा हॉर्न वाजवून बघत होते, हे तिचं नशीब.

टी-पान्याच्या तोंडात बोल्टचं डोकं तेवढं हाती आलं होतं. धड इंजिनाच्या आतच राहिलं होतं, आणि तेही कडेला अगदी सपाट तुटून. चिमटीत धरायला म्हणून तसूभरही बाहेर नाही.

मिस्त्री म्हणजे तिचे सासरे. मोटरसायकली दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. सूनबाई लग्नाआधी पंपाच्या कारखान्यात लेथवर काम करायची. लग्न होऊन आली आणि आठवड्याभरात गॅरेजमध्ये चहा द्यायला म्हणून मधल्या दारातून गेली, ती परत घरात येईना. सासूबाईंनी तीनदा हाका मारल्या, चौथ्यांदा स्वतः बघायला आल्या, तर सून उकिडवी बसून कार्ब्युरेटर उघडत होती. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या सगळ्या नद्या त्याला तोंडपाठ, पण पेट्रोलचा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा ते सहा वर्षांत लक्षात राहिलं नव्हतं. मिस्त्रींनी मुलाचा नाद सोडला आणि सुनेला आपला जादाचा एप्रन दिला.

तर मोटरसायकल दातांच्या डॉक्टरांची होती. महिन्याभरापूर्वीच तिच्या क्लचच्या प्लेटा याच गॅरेजात बदलल्या होत्या, आणि आता कव्हरच्या खालून ऑइल पाझरत होतं. काम साधं. आठ बोल्ट काढायचे, कव्हर उतरवायचं, पॅकिंग बदलायचं, कव्हर परत लावायचं. पहिले सात बोल्ट कुरकुरत का होईना निघाले. आठवा सगळ्यात खालचा, पायदानाच्या मागे लपलेला. त्याने जीव दिला पण जागा सोडली नाही.

सूनबाई घाबरली ती बोल्ट तुटला म्हणून नव्हे. बोल्ट कुणाच्याही हातून तुटतात. हा का तुटला हे तिला ठाऊक होतं, आणि नेमकं तेच मिस्त्रींना कळता कामा नये होतं.

गोष्ट आठ महिन्यांपूर्वीची. बेकरीवाल्याच्या गाडीचं चेनकव्हर तिने सहज हाताने चाचपलं, तर बोल्ट बोटांनीच फिरला. तो बोल्ट मिस्त्रींनी अर्ध्या तासापूर्वी आवळला होता. तिला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीवर तसंच. मग तिने जेवताना लक्ष ठेवलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण मिस्त्री आता स्वतः उघडत नव्हते, काही न बोलता सासूबाईंकडे सरकवत होते, आणि सासूबाईही काही न बोलता उघडून परत सरकवत होत्या. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जी ताकद असते ती त्यांना सोडून गेली होती.

आता या माणसाला हे सांगणार कोण? दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी दिसली की मिस्त्री बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "माझ्या हाताने आवळलेला बोल्ट माझ्याच हाताने सुटतो. ज्या दिवशी माझ्यामागून कुणाला पाना फिरवावा लागेल ना, त्या दिवशी हा एप्रन खिळ्याला अडकवीन आणि घरात जाऊन वर्तमानपत्र वाचत बसेन." लोक माना डोलवायचे. मिस्त्री बोलल्याप्रमाणे करणारे होते, हीच तर पंचाईत. घरात बसून वर्तमानपत्र वाचणारे सासरे सूनबाईला डोळ्यांपुढे आणवत नव्हते. महिन्याभरात वाळून जातील, तिला खात्रीच होती.

म्हणून तिने एक मार्ग काढला. दुपारी जेवून मिस्त्री वीस मिनिटं आडवे व्हायचे. तेवढ्यात ती मधल्या दारातून चोरपावलांनी गॅरेजात यायची आणि सकाळी त्यांनी आवळलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळायची. वीस मिनिटांत तीन-तीन गाड्या करायच्या म्हणजे घाई व्हायची, म्हणून वर आणखी एक खबरदारी: आटे पकडून ठेवणाऱ्या औषधाची हिरवी कुपी. पातळ असतं ते. बोल्टच्या डोक्याशी एक थेंब सोडला की आपोआप आत झिरपतं आणि बोल्ट ढिला होत नाही. ही कुपी एप्रनच्या आतल्या खिशात असायची. आठ महिन्यांत तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

आणि आता हा तुटलेला बोल्ट. डॉक्टरांच्या गाडीवर त्या दुपारी घाईघाईत आपण पाना जास्तच रेटला आणि वर औषधही सोडलं, दुसरं काय! मनातल्या मनात तिने स्वतःला दोन लगावल्या.

"काय झालं गं?" मिस्त्री मागे येऊन उभे होते.

"बाबा, आठवा तुटला."

मिस्त्री खाली वाकले. बोल्टच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. सूनबाईला वाटलं, आता बोलणी बसणार. तिने मान खाली घातली.

"हल्ली बोल्टच नीट येत नाहीत," मिस्त्री म्हणाले. आवाज चमत्कारिकच होता, जरा मवाळ.

"हो ना," सूनबाई चटकन म्हणाली. "भेसळीचं लोखंड."

"भेसळीचंच. तुझी काही चूक नाही."

"तुमचीही नाही बाबा."

"माझी कशाला असेल?" मिस्त्री एकदम म्हणाले, आणि उगाचच खोकले.

तेवढ्यात डॉक्टर आले. हे डॉक्टर म्हणजे गोल चेहऱ्याचा, हसरा, हळू बोलणारा माणूस. दर बुधवारी संध्याकाळी ते शेजारच्या गावात दवाखाना उघडायचे, आणि आज बुधवार होता. चारला निघायचंच होतं. तिथे एक म्हातारबा गालाला फडकं बांधून बसणार होते. गाडी होईल का विचारायला आले होते, पण तुटलेला बोल्ट म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत धंद्याची चमक आली.

"मुळापासून तुटलाय?" त्यांनी बाकावर बॅग ठेवली. "हिरडीच्या वर काही शिल्लक आहे का?"

"काही नाही," सूनबाई म्हणाली.

"अरेरे. म्हणजे अवघड केस." आणि ते स्टूल ओढून बसले. त्या दिवशी सकाळचे त्यांचे पेशंट बहुतेक वाट बघून घरी गेले असावेत.

काम मात्र नीट सुरू झालं. क्लचच्या उघड्या तोंडात सूनबाईने फडकं कोंबलं, म्हणजे लोखंडाचा कीस आत जायला नको. मग बोल्टच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करायची, त्या खुणेवर बारीक भोक पाडायचं, भोकात उलट्या आट्यांची कडक सळी घालायची आणि डावीकडे फिरवायची. जसजशी ती फिरते तसतशी आत रुतते आणि बोल्टला बरोबर घेऊन येते. ऐकायला सोपं आहे. खूण केसभर जरी सरकली तरी ड्रिल बोल्ट सोडून बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि मग आट्यांचं वाटोळं.

पण मध्य दिसणार कसा? बोल्ट पायदानाच्या मागे. सूनबाई फरशीवर आडवी झाली, मान वाकडी केली, टॉर्च तोंडात धरला. तरी अर्धाही दिसेना. डॉक्टरांनी न बोलता बॅग उघडली आणि लांब दांड्याचा, रुपयाएवढा वाटोळा आरसा तिच्या हातात ठेवला. पेशंटच्या अक्कलदाढा बघायचा आरसा तो. सूनबाईने तो बोल्टसमोर धरला आणि तुटलेलं तोंड पुढ्यात ठेवल्यासारखं लख्ख दिसायला लागलं.

"आ करा म्हणायचं राहिलं," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी आरसा धरला, सूनबाईने पंच मारला. खूण नेमकी मधोमध पडली. मग तिने ड्रिल सुरू केलं आणि त्या किंचाळत्या आवाजाबरोबर डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

"काय झालं डॉक्टर?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला हा आवाज सहन होत नाही."

"अहो, तुम्ही दिवसभर हेच करता की!"

"मी करतो तेव्हा वेगळं असतं हो," डॉक्टर कान न सोडता म्हणाले.

भोक झालं. सूनबाईने सळी आत बसवली आणि हँडल हळूच डावीकडे दाबलं. बोल्ट ढिम्म. थोडं आणखी दाबलं. सळीने किंचित पीळ घेतल्यासारखं वाटलं.

"थांब!" मिस्त्री ओरडले.

ती थांबली. ही सळी काचेसारखी कडक असते. आत तुटली की तिच्यावर ड्रिलही लागत नाही. मग अख्खं इंजिन उतरवून मोठ्या कारखान्यात पाठवायचं, आठ-दहा दिवसांची निश्चिती. तिने सळी अलगद बाहेर काढली. बारा वाजून गेले होते. डॉक्टर "दोनला येतो" म्हणून आरसा तिथेच ठेवून गेले, आणि सासूबाईंनी जेवायला हाक मारली.

जेवताना सूनबाईच्या डोक्यात एकच विचार. आत औषध आहे, आणि औषध धरलेला बोल्ट जोराने सुटत नाही, तापवला तरच सुटतो. पण आता अचानक "तापवू या" म्हटलं तर बाबा विचारणार, का? साध्या जाम बोल्टला तेल पाजतात, ठोकतात, तापवायचं शेवटी. सगळं मिस्त्रींनीच तिला शिकवलेलं. म्हणून तिने ठरवलं, बाबा आडवे झाले की गुपचूप जाऊन तापवून ठेवायचं.

मिस्त्री आडवे झाले. भांडी विसळून पाच मिनिटांनी ती पाय न वाजवता मधल्या दारातून गॅरेजात गेली.

मिस्त्री गाडीपुढे उकिडवे बसले होते. हातात गॅसची बत्ती होती.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"झोपला नाहीत बाबा?"

"झोपलो होतो. म्हटलं..." मिस्त्रींनी बत्ती वरखाली करून पाहिली. "म्हटलं, बत्ती साफ करावी. किती दिवस राहिलीय. तू काय करतेस?"

"मी... डॉक्टरांचा आरसा. इथेच राहिलाय म्हटलं, कुणाच्या पायाखाली येईल."

"बरोबर. परक्याची वस्तू."

तिने आरसा उचलून पदराला पुसला. सूनबाईने सगळं धैर्य एकवटलं. "बाबा, बत्ती हातात आहेच तर... जरा तापवून बघायचं का?"

"मीही तेच म्हणणार होतो," मिस्त्री इतक्या लगबगीने म्हणाले की तिला आश्चर्यच वाटलं. "उगाच आपलं. काही कारण आहे असं नाही."

"नाही, कारण काही नाही. हवा दमट आहे ना."

"दमटच आहे. गंज धरतो."

आणि ते दोघे, ज्यांनी हजारभर बोल्ट काढले असतील, त्यांनी कोरड्या ठणठणीत दुपारी दमट हवेवर एकमत केलं. माणसं खोटं बोलायला लागली की किती गुण्यागोविंदाने नांदतात!

सूनबाईने आजूबाजूचं ऑइल पुसून काढलं, ओली फडकी पसरली आणि बत्ती घेतली. ज्योत बोल्टवर न धरता बोल्टभोवतीच्या ॲल्युमिनियमवर फिरवायची, म्हणजे ते आधी फुगतं आणि बोल्टवरची पकड सोडतं. दोन मिनिटांनी भोकातून बारीक धूर आला आणि एक तिखट, गोडसर वास सुटला. औषध जळाल्याचा वास. सूनबाईने श्वास रोखला. आता विचारतील.

"जुनं ऑइल जळतंय," मिस्त्री म्हणाले.

"जुनंच," ती म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

दोन वाजता डॉक्टर परत आले, त्यांच्या पाठोपाठ चहाचा ट्रे घेऊन सासूबाईही. बत्ती चालूच होती. आता सळी फिरवायची वेळ आली आणि सूनबाईने हँडलकडे हात नेला.

"तू नको," मिस्त्री म्हणाले. "तू बत्ती धर. इथे जोराचं काम नाही."

त्यांनी हँडल धरलं ते तीन बोटांनी, अंगठा तर बाजूलाच ठेवून. डोळे मिटले. डावीकडे हलकेच दाब, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. सूनबाई जवळून बघत होती. तिला काहीच हलताना दिसत नव्हतं, पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसे ते कानोसा घेत होते. एकदा म्हणाले, "तापव." एकदा म्हणाले, "पुरे, ज्योत बाजूला." एकदा हँडल पूर्ण सोडून दिलं आणि कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. ती असती तर या वेळेपर्यंत सळी नक्की तोडली असती, हे तिला स्पष्ट कळत होतं.

"हलला," मिस्त्री म्हणाले.

"कुठे?" डॉक्टर पुढे वाकले. "मला तर..."

"हलला हो."

आणि खरंच, हँडल किंचित फिरलं. उजवीकडे मागे गेलं, डावीकडे थोडं पुढे आलं. असं मागेपुढे करत करत अर्धा फेरा, एक फेरा, मग मलईत फिरावं तसं मऊ फिरायला लागलं, आणि सळीच्या टोकाला अडकलेला बोल्टचा तुकडा पुरता बाहेर आला. बोटाच्या पेराएवढा. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी ट्रे खाली ठेवला. सूनबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण डॉक्टरांना काढलेली वस्तू तपासून बघायची सवय. त्यांनी खिशातून चिमटा काढला, तुकडा उजेडाकडे धरला, दवाखान्यातून येताना कपाळावर तसंच राहिलेलं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि ते कौतुकाने म्हणाले, "वा! हे कसलं सिमेंट भरलंय? खालच्या आट्यांत लाल आहे आणि वरच्या आट्यांत हिरवं. दोनदा भरलंय का हे, मिस्त्री?"

बत्ती तेवढी फुसफुसत होती. सूनबाईने ती बंद केली.

हिरवं तिचं होतं. पण लाल? लाल औषध म्हणजे कायमचं. जे बोल्ट जन्मात पुन्हा उघडायचे नसतात त्यांना लावायचं. ते लावणारं या गॅरेजात दुसरं कोण होतं? तिने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री तिच्याच एप्रनकडे बघत होते.

"हिरवं कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी," सूनबाई म्हणाली. ततपप करण्यात आता अर्थ नव्हता. "आणि लाल?"

"मी." मिस्त्रींनी आपला उजवा पंजा उघडला, मिटला. "बोल्ट पुरेसा आवळला जात नाही म्हणून. सगळ्या बोल्टना लावतो. सहा महिने होत आले."

"आणि मी ते परत आवळते. दुपारी. तुम्ही आडवे होता तेव्हा."

"कधीपासून?"

"आठ महिने."

"किती बोल्ट?"

तिला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "तुम्ही आवळलेले सगळे."

मिस्त्री स्टूलवर बसले. "तरीच म्हटलं," ते सावकाश म्हणाले, "हल्ली या गॅरेजातले बोल्ट एवढे तुटतात कसे." मग त्यांनी मान वळवली आणि बायकोकडे बघितलं. सासूबाई कपांत चहा ओतत होत्या, जरा जास्तच मन लावून.

"तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? दोन्ही कुप्या मीच आणून देते की दुकानातून. तुम्ही म्हणता, हिला सांगू नकोस. ही म्हणते, बाबांना सांगू नका. मी कुणालाच सांगितलं नाही." त्यांनी कप डॉक्टरांपुढे केला. "दुकानदार मात्र परवा विचारत होता, तुम्ही जहाज बांधताय का म्हणून."

डॉक्टरांना हसू आवरेना, पण मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मागे हात नेला आणि एप्रनची गाठ सोडली. ती गाठ सुटताना बघून सूनबाईचा धीर सुटला. इतके महिने ज्याला भ्यायलो ते आलंच, आणि आलं ते आपल्याच हाताने.

"बाबा, नका ना," ती म्हणाली. डॉक्टर ऐकतायत याचीही तिला पर्वा राहिली नव्हती. "तुम्ही घरात बसाल म्हणून तर बोलले नाही. मला आवळता येतं हो. ते कुणालाही येतं. आत्ता तो बोल्ट हलला तेव्हा मला काहीसुद्धा कळलं नाही. तुम्ही नसलात तर मला कोण सांगणार, हलला म्हणून?"

मिस्त्रींनी एप्रन मांडीवर घेतला आणि हात पुसत बसले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

"माझे वस्ताद होते ना," ते म्हणाले, "त्यांचाही हात असाच गेला. मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा. भर गॅरेजात, बाकावर चार गिऱ्हाइकं बसलेली, मी ओरडून म्हणालो, वस्ताद, तुमचे बोल्ट ढिले राहतात, मला दुप्पट काम पडतं. लोक हसले. वस्तादही हसले. हात धुतले, घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बोलवायला गेलो तर दाराशी येऊन म्हणाले, आता तूच बघ." मिस्त्री थांबले. "मी लाल औषध लावायला लागलो तेव्हा मला सारखी भीती, ही पोर एक दिवस असंच काहीतरी म्हणणार. आणि तू आपली आठ महिने माझ्यामागून पाना फिरवत होतीस, तोंडातून शब्द न काढता."

डॉक्टरांनी चिमट्यातला तुकडा अलगद बाकावर ठेवला.

"अहो, चहा निवतोय," सासूबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजले होते. एप्रन झटकला, परत गळ्यात घातला, आणि पाठीशी गाठ मारता येईना तेव्हा सुनेकडे पाठ करून उभे राहिले. तिने गाठ मारली. घट्ट मारली.

मग कामाला वेग आला. आटे साफ केले, नवं पॅकिंग बसवलं, कव्हर लावलं, आठ नवे बोल्ट. औषध कुठलंच नाही. मिस्त्री बोल्ट बोटांनी सुरू करून देत होते आणि सूनबाई आवळत होती. चारला पाच कमी असताना डॉक्टरांनी किक मारली, गाडी एका झटक्यात सुरू झाली, आणि मिस्त्रींनी इंजिनाला कान लावून मान डोलावली.

"कधी दाढ दुखली तर या," डॉक्टर गाडीवर बसता बसता म्हणाले. "दोघांपैकी कुणीही. एका रंगाचं सिमेंट भरीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात गर्दी होती. बाकावर बेकरीवाला, शिंपी आणि एक अनोळखी बाई आपापल्या गाड्यांची वाट बघत बसले होते. सूनबाई एका टोकाला ब्रेकचं काम करत होती आणि मधूनमधून तिची नजर मिस्त्रींकडे जात होती. कालचं बोलणं काल झालं, पण ते घरच्या माणसांत. आज समोर लोक होते. मिस्त्री शिंप्याच्या गाडीचं सायलेन्सर बसवत होते. त्यांनी पाना लावला, दोन्ही हातांनी दाबला, पुन्हा दाबला. पाना हलत नव्हता. बेकरीवाला बोलता बोलता थांबून बघायला लागला. तिने मान वळवून घेतली. दुपारी बघू, तिच्या मनात आलं.

"सूनबाई!" मिस्त्रींची हाक आली, नेहमीच्या मोठ्या आवाजात, रस्त्यापलीकडे जाईल अशी. "इकडे ये गं. माझा हात पुरत नाही, एवढा बोल्ट आवळून दे."

शिंप्याने चष्मा वर केला. मिस्त्रींनी पाना तिच्या दिशेने धरला होता, आणि ती हातातलं काम तसंच टाकून, सगळ्यांच्या देखत, ताठ चालत त्यांच्याकडे गेली.